फोनचे आठ तास

गेल्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांचं आठवणींचं पुस्तक मी मांडून दिलं. २०८ पानं, म्हणजे सोळा पानी तेरा फॉर्म. मजकूर त्यांनी स्वतःच टाइप करून आणला होता. पानाला ४५ रुपये ठरले. ९,३६० झाले, ते त्यांनी वेळेवर, पाकिटात घालून दिले आणि वर पेढेही दिले. तक्रारीला जागाच नाही. फक्त त्या पुस्तकाच्या वेळी मी एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा केली होती. संगणकाच्या कोपऱ्यात टायमर लावला होता. त्याने दिलेला हिशेब असा: जुन्या फॉन्टमधला मजकूर यूनिकोडमध्ये आणून साफ करणे, ११ तास. मांडणी, १३ तास. प्रुफांवरची करेक्शनं, २९ तास. फोन, ८ तास.

एकूण ६१. तासाला १५३ रुपये पडले. आमच्या सोसायटीत फ्रिज दुरुस्तीला येणारा मुलगा नुसतं दार उघडून "काकू, गॅस गेलाय" म्हणायचे ३०० घेतो, आणि ते वाजवी आहे, पेट्रोल जाळून येतो बिचारा. मला १५३चं तेवढं लागलं नाही. लागलं ते फोनचं. कामाचा एक अख्खा दिवस मी कानाला फोन लावून बसले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, "फोन? झाले असतील तीन-चार, पाच-पाच मिनिटांचे."

मी पुण्यात डीटीपी करते. सुरुवात १९९६ची. पेजमेकर, श्रीलिपी, आणि ट्रेसिंगवर काढलेली पानं नळकांड्यात घालून लूनावरून प्रकाशकाकडे पोचवायची. बारा वर्षं एका ऑफिसात नोकरी केली, २००८पासून घरी. पुस्तकं, स्मरणिका, दिवाळी अंक, कंपन्यांची मराठी माहितीपत्रकं, लग्नपत्रिका मात्र नाही. (लग्नपत्रिकेत आत्याचं नाव राहतं आणि दोष आपल्यावर येतो.) घरून काम करणाऱ्या, स्वतःच स्वतःचं बिल लावणाऱ्या माणसांची आता मोठी जमात झाली आहे. त्यातल्या बहुतेकांना आपला तास कुठे जातो हे ठाऊक नाही, असं माझं मत आहे. मला ठाऊक नव्हतं, म्हणून म्हणते.

माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने केसमधून एकेक खिळा उचलायचा, ओळ उलटी वाचायची. मराठीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागतात, जोडाक्षरं असतात, त्यामुळे केसही मोठी आणि हातही लांब फिरायचा. पान छापून झालं की तेच खिळे धुऊन परत आपापल्या घरात टाकायचे. त्यात संध्याकाळच्या संध्याकाळी जायच्या, आणि छापून आलेल्या पुस्तकात त्या कामाची खूण कुठेच नसायची.

त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असे, दर वर्षी कुठल्या तरी कागदवाल्याने फुकट दिलेली. तीत तारखेपुढे एकच आकडा: ज्यादा थांबलेले तास. १९४८च्या कारखाने कायद्याप्रमाणे दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांपलीकडच्या कामाला दुप्पट मजुरी, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. दिवाळी अंकांच्या दिवसांत फोरमनची वही आणि त्यांची डायरी यांत हमखास फरक पडायचा. तेव्हा ते भांडत नसत. डायरी काढून फोरमनच्या टेबलावर ठेवत आणि उभे राहत. बहुतेक वेळा फोरमनची वही दुरुस्त व्हायची. घरी आल्यावर आईला सांगत, "आपल्या अक्षरात लिहिलेलं होतं, म्हणून."

मी नोकरी सोडून स्वतःची मालकीण झाले आणि ती डायरी आमच्या घरातून गेली. ज्यादा कामाला दुप्पट सोडा, ज्यादा म्हणजे कुठपासून हेच कळेनासं झालं.

टायमर लावून दिला माझ्या भाच्याने. तो बाणेरला राहतो आणि परदेशातल्या कंपन्यांची कोडिंगची कामं तासावर घेतो.

"मावशी, काम सुरू केलंस की बटण दाबायचं, उठलीस की दाबायचं. बास."

"चहाला उठले तर?"

"तरी दाबायचं."

"आणि चहा पिताना काम डोक्यात चालू असेल तर?"

यावर तो जरा थांबला. "ते तुझं तू ठरव."

हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आणि या विषयातला खरा घोळ तिथेच आहे.

आता साधनांबद्दल. टॉगल म्हणून एक आहे, २००६ साली एस्टोनियात निघालेलं, पाच माणसांपर्यंत फुकट. क्लॉकिफाय आहे. किमाई आहे, ते मुक्त स्रोत, ज्याला जमतं त्याने स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं. भाचा काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालणारं टाइमवॉरिअर वापरतो, ते त्याचं त्यालाच लखलाभ. मी चार-पाच पालथी घातली. एकात तर टीम, बजेट, कामांचे आडवे पट्टे, रंगीत गोल, सगळंच होतं. टीममध्ये मी एकटी. आठवड्याच्या शेवटी त्याने मला मेल पाठवला की तुमची उत्पादकता घसरली आहे. त्या आठवड्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी ते त्याच दिवशी काढून टाकलं.

मला जे हवं होतं ते इतकंच: कुणाचं काम, काय काम, किती वेळ. तीन रकाने. फार तर चौथा शेऱ्याचा. महिनाअखेरीस यादी उतरवून घेता यावी. याहून जास्त काही असलं की माणूस काम सोडून वेळेचीच मांडणी करत बसतो; मी तीन दिवस कामांना रंग देण्यात घालवले आहेत. मी वापरलेली सगळी साधनं इंग्रजीत होती, पण कामाची नावं देवनागरीत लिहिता येतात. अडचण पुढे येते. यादी उतरवून एक्सेलमध्ये थेट उघडली की 'आठवणी भाग १'च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि परक्या देशांच्या चलनांची चिन्हं दिसतात. घाबरायचं नाही. फाइल यूटीएफ-८ आहे असं सांगून आयात केली की मराठी जागेवर येते. रफार ओढून ओढून योग्य अक्षराच्या डोक्यावर बसवण्यात ज्या बाईची उमेद गेली तिला यात नवीन काही नाही.

रफारावरून आठवलं. ते ११ तास ज्यात गेले, ते काम प्राध्यापकांना माहीतच नव्हतं. त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टात अक्षर म्हणजे चित्र असतं. पहिली वेलांटी दिसते डावीकडे म्हणून टाइपही आधी होते, यूनिकोडमध्ये मात्र ती व्यंजनानंतर साठवायची असते. रफाराचं उलटं. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं हे एका झटक्यात करतात, आणि मग त्यांनी सांडलेलं आपण दोन दिवस वेचत बसायचं. 'ऱ्या' कुठे फुटलाय, कुठे अर्धा 'श' एकटाच उभा आहे. वडिलांचे खिळे परत घरात टाकणं ते हेच. फरक इतकाच की छापखान्याच्या मालकाला ते समोर दिसायचं. माझं काम कुणाला दिसत नाही. मी बिलात लिहीपर्यंत तर मुळीच नाही.

चुकाही मनसोक्त केल्या. एकदा बालकवितांच्या २४ पानी पुस्तकाचं काम चालू होतं. बेल वाजली, सिलिंडर आला. त्यामागून बहीण आली. सकाळी संगणक उघडला तर टायमर धावतच होता: १६ तास ४० मिनिटं. एका चिमणीच्या कवितेवर. काही साधनं अशा वेळी विचारतात, बराच वेळ हालचाल नाही, हा वेळ ठेवू की काढू? सगळ्या रंगीत आलेखांपेक्षा हा एक प्रश्न मला मोलाचा वाटतो. आठवत नसेल तर कमी लिहायचं, असं मी ठरवून टाकलं आहे. जास्त लिहिलं तर गिऱ्हाईक कधी ना कधी ओळखतं. पण त्याआधी आपल्याच यादीवरचा आपला विश्वास उडतो, आणि मग ती ठेवण्यात अर्थ उरत नाही.

पहिल्या पूर्ण महिन्याची यादी मी पापड वाळत घालावेत तशी टेबलावर पसरून बघितली. ९ मिनिटं. १७ मिनिटं. ३१ मिनिटं. ६ मिनिटं. २२ मिनिटं. मी दिवसभर काम करते असं मी लोकांना सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण दिवसभर म्हणजे अशा चिंध्या. सलग दीड तास असं महिन्यात फक्त चार वेळा घडलं होतं, दोनदा पहाटे पाचला आणि दोनदा रात्री अकरानंतर. दोन नोंदींच्या मधली जी भोकं, ती सगळी मला ओळखू आली. ही भाजीवाली. ही सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालण्याची वेळ. हा पाण्याचा टँकर. हे कुरिअर, शेजारच्यांचं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ९७. बातमी मी तेव्हा वाचली होती, वाचून पान उलटलं होतं. आकडा देशाचा असला की तो आपल्या घरी राहायला येत नाही. माझ्या यादीत मात्र ती मिनिटं भोकांच्या रूपाने समोर होती, प्रत्येक भोकाला वेळ लिहिलेली. नवऱ्याला दाखवली. समंजस माणूस आहे. त्याने चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाला, "सिलिंडरचं यापुढे माझ्याकडे." आता बुकिंग तो करतो. सिलिंडर येतो तेव्हा ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो, आणि तो ऑफिसातून मला फोन करून सांगतो. तेही मी लिहून ठेवते. २ मिनिटं.

पुरुषांच्या भोकांबद्दल मला माहीत नाही. भाचा म्हणतो त्याची असतात, पण ती क्रिकेटची असतात.

मग मी दराचं गणित नव्याने मांडलं. नव्याने कसलं, पहिल्यांदाच मांडलं. घरून काम करणारी बहुतेक माणसं दर कसा काढतात? महिन्याला ५० हजार सुटावेत. पंचवीस दिवस, आठ तास, २०० तास. तासाला २५० झाले. कागदावर सुंदर दिसतं. माझ्या यादीप्रमाणे त्या महिन्यात मी टेबलाशी बसले १७१ तास, आणि कुणाच्या ना कुणाच्या नावे लावता येतील असे त्यातले १०४. उरलेल्या ६७ तासांत दरपत्रकं केली, कामं मिळाली नाहीत ती गोष्ट वेगळी. बिलांची आठवण करून दिली. सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, मग ते बिघडलं म्हणून पूर्ववत केलं. एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी व्हॉट्सअॅपवर आलेल्या १४० फोटोंना नावं दिली, कारण सगळ्यांची नावं एकसारखीच आकड्यांची होती. आता खर्च धरा: सॉफ्टवेअरचं भाडं, वीज, इन्व्हर्टरची बॅटरी, आरोग्य विम्याचा महिन्याचा वाटा. माझे सगळे मिळून ९ हजार. ५९ हजार भागिले १०४. तासाला ५६७ रुपये. म्हणजे २५० लावून मी ५० हजार मिळवायला निघाले असते तर महिनाभर राबून निम्म्यावरच थांबले असते, आणि दोष नशिबाला दिला असता. वर्षानुवर्षं दिलाच होता.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट दिसली. सहा महिन्यांत ज्या रविवारी एकही नोंद नाही असे रविवार निघाले तीन. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवलेली. मी ती कुणाशीही न झगडता परत करून टाकली होती.

वेळ लिहिण्याची ही रीत कुठून आली हे शोधताना बॉस्टनचे एक वकील भेटले. रेजिनल्ड हेबर स्मिथ. तरुणपणी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत काम केलेला माणूस. पुढे एका मोठ्या फर्मचा कारभार त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी वकिलांना तासाचे दहा भाग करून वेळ लिहायला लावली. सहा सहा मिनिटांनी. आपल्या पंचांगाच्या हिशेबाने पाव घटिका, पंधरा पळं. लग्नात घटिकापात्र बुडण्याची वाट बघणाऱ्या भटजींनाही इतकी बारीक नजर पुरे. मजा अशी की स्मिथ यांना त्यातून आधी समजून घ्यायचं होतं ते आपल्याच कामाला किती खर्च येतो हे. अशिलाच्या बिलावर तास चढवण्याची सर्रास प्रथा अमेरिकेत नंतर पडली, आणि आज तिथले वकीलच तिला कंटाळलेले असतात. आधी स्वतःसाठी ठेवलेली वही पुढे दुसऱ्याच्या हातात गेली, असा तो सगळा प्रवास आहे.

दुसऱ्याच्या हातात जाण्याचा अनुभव मीही थोडक्यात घेतला. भाषांतराची कामं देणाऱ्या एका एजन्सीने माहितीपत्रकांच्या मांडणीचं मोठं काम देऊ केलं. तासावर, दरही बरा. अट एकच, त्यांचं सॉफ्टवेअर माझ्या संगणकावर बसवायचं. ते पडद्याचे फोटो काढणार, कळा किती दाबल्या, माऊस किती हलला ते मोजणार. मी विचारलं कशाला, तर पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सगळ्यांनाच आहे."

असल्या पाळतीला दुसरी बाजू नाही असं नाही. अपवर्कसारख्या मंचावर तासाला साधारण सहा वेळा पडद्याचं चित्र टिपलं जातं, आणि त्या बदल्यात तिथल्या नियमांत बसणाऱ्या तासांच्या पैशाची हमी मिळते. भाचा सांगतो, "समोरचा मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. पैसे बुडण्यापेक्षा फोटो परवडला." परक्या देशातल्या परक्या माणसाबरोबर हा सौदा मला समजतो. पण रस्त्यापलीकडच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसांना माझा मुकादम व्हायचं असेल तर मग मस्टरवर घ्या, खाडे कापा, आणि त्याबरोबर ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडही द्या. हजेरी नोकराची आणि जोखीम मालकाची, दोन्ही माझ्याच माथी कशी?

आणि ते मोजतात काय, तर कळा. मुखपृष्ठ करताना मी कधी कधी पाच-सात मिनिटं पडद्याकडे नुसती बघत बसते. शीर्षक दोन मिलिमीटर वर घ्यावं की राहू द्यावं. लेखकाचं नाव इतकं मोठं का हवंय त्याला. त्या सात मिनिटांत मी एकही कळ दाबत नाही. त्यांच्या लेखी मी झोपलेली असते. खरं तर त्या दिवसातलं माझं सर्वांत महागडं काम तेच असतं. बाकी वेळ मी समास नीट करत असते, ते कुणीही शिकू शकतं.

मी नाही म्हटलं, काम गेलं. मला परवडलं, घरात दुसरा पगार आहे. ज्या मुलामुलींना परवडत नाही ती हो म्हणतात, आणि माऊस हलता ठेवायला शिकतात.

तासावर बिल लावण्याची मी भक्त नाही, हे इथे सांगून टाकते. गावी काकांकडे ज्वारीची काढणी आली की दर वर्षी तोच वाद: उक्ती द्यायची की रोजाने माणसं लावायची. उक्ती दिली की काम झपाट्याने उरकतं आणि कणसं रानात राहतात. रोजाने लावली की कणीस राहत नाही, पण सूर्यही हलत नाही. माझ्या धंद्यात यावर आणखी एक कडी आहे. इनडिझाइनमध्ये शोधा-बदलाची सूत्रं लिहून मी अवतरणचिन्हं, तळटिपांचे आकडे, विरामांच्या आधीच्या मोकळ्या जागा असं सगळं अख्ख्या पुस्तकात वीस मिनिटांत साफ करते. नवीन मुलगा तेच दोन दिवस हाताने करेल. तासावर बिल लावलं तर जवळजवळ तीस वर्षांत जे शिकले त्याचा मीच दंड भरायचा. म्हणून मी मांडणीचं काम उक्तंच देते. पण उक्ता आकडा सांगताना पोटात जो गोळा यायचा, तो आता येत नाही. जुन्या फॉन्टमधलं पुस्तक असलं की किती तास सांडतात, कवितासंग्रहाला कादंबरीपेक्षा पानामागे जास्त वेळ का लागतो, लेखक निवृत्त असेल तर फोन किती धरायचे, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. माझ्या अक्षरात, म्हणजे यूटीएफ-८मध्ये.

तासाचा दर मी फक्त एका गोष्टीला ठेवला आहे: तिसऱ्या प्रुफापासून पुढच्या करेक्शनांना. दोन प्रुफं उक्त्यात. तिसऱ्यापासून तासाला ६००, यादी जोडून. ही एक ओळ दरपत्रकात घातल्यापासून लेखकांना दुसऱ्या प्रुफातच सगळं दिसायला लागलं आहे. पूर्वी नवव्या प्रुफात आजोबांच्या गावाचं नाव बदलायचं.

यादीचा एक व्यवहारी उपयोग वसुलीला होतो. माझ्यासारख्या एकट्या बाईलाही 'उद्यम'वर सूक्ष्म उद्योग म्हणून विनाशुल्क नोंदणी करता येते. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे लेखी करारात काहीही मुदत असली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मी नोंदणी केली आहे आणि बिलाखाली तो क्रमांक छापते. तक्रार अजून कुणावर केलेली नाही. पुण्याचं पुस्तकांचं जग एवढंसं आहे, सगळे सगळ्यांना महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या कार्यक्रमात भेटतात. पण बिलाबरोबर तारीखवार दीड पानी यादी गेली की "हे एवढे कसे झाले?" हा फोन येत नाही, आणि तो न आल्यामुळे पैसे पंधरा-वीस दिवस लवकर येतात असा माझा अनुभव आहे. काही जण यादी वाचतही नाहीत. यादी आहे एवढं बघतात.

प्राध्यापकांचा दुसरा भाग या जूनमध्ये आला. २२४ पानं, चौदा फॉर्म. मी दरपत्रक पाठवलं: १८,००० रुपये, दोन प्रुफांसह, मजकूर यूनिकोडमध्ये मिळाल्यास, जुन्या फॉन्टमध्ये असल्यास रूपांतराचे वेगळे, पुढच्या करेक्शनांचे तासाप्रमाणे. पाठवलं आणि दिवसभर फोन उलटा करून ठेवला. जवळजवळ दुप्पट सांगितले होते, आणि पेढे खाल्लेले होते.

संध्याकाळी ते स्वतःच आले. कागद घडी घालून खिशात. सोफ्यावर बसून त्यांनी तो उलगडला, चष्म्यातून एकदा वाचला आणि म्हणाले, "ताई, मागच्या वेळी तुम्हाला किती तास लागले होते?"

मी यादी काढून हातात दिली. त्यांनी प्राध्यापकी सवयीने पेन काढलं आणि वाचायला लागले. फोनच्या ओळीशी थांबले.

"हे आठ तास माझे?"

"तुमचे चार, सर. चार तुमच्या मिसेसचे. फोटोंबद्दल."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दरपत्रकावर सही केली आणि विचारलं, या वेळी फोनचे पैसे कुठे दिसत नाहीत ते कसे. मी म्हटलं, ते अजून कसे लावायचे हे मला कळलेलं नाही. त्यानंतर त्यांचा फोन आला की आधी सांगतात, "चार मुद्दे आहेत, लिहून ठेवलेत." परवाचा फोन सात मिनिटांचा झाला. ठेवला, बटण दाबलं, मांडणीकडे वळले. तेवढ्यात मिसेसचा आला. फोटोंबद्दल.